फ्रायबेर्गचें पाषाणभांडार



जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतांत ड्रेस्डेन व केम्निट्झ या शहरांच्या दरम्यान फ्रायबेर्ग नांवाचें एक जुनें शहर आहे. ११६८ च्या सुमारास येथें चांदी सांपडली, आणि पुढें आठशें वर्षें या शहराच्या पोटांतून चांदी, शिसें व जस्त निघत राहिलें. १९६९ मध्यें खाणकाम थांबलें. परंतु त्या खाणींनीं मागें ठेवलेली एक ठेव अद्याप शाबूत आहे. ती ठेव म्हणजे तेथील खनिविद्यापीठाचा खनिजसंग्रह. आजच्या भाषणाचा विषय तोच होय.

हें विद्यापीठ १७६५ सालीं स्थापन झालें. सप्तवार्षिक युद्धानें सॅक्सनीचा खजिना रिता झाला होता आणि खाणींवांचून राज्यास दुसरा मोठा आधार उरला नव्हता. तेव्हां खाणकाम अंदाजानें न चालवितां शास्त्रानें चालवावें, या हेतूनें ही पाठशाळा निघाली. दगड ओळखावयास शिकविणें हें तिचें पहिलें काम, आणि दगड ओळखावयाचे तर ते विद्यार्थ्यांच्या हातीं दिले पाहिजेत. अशा रीतीनें हा संग्रह शोभेसाठीं नव्हे, तर शिक्षणाच्या गरजेंतून जन्मास आला.

जुना संग्रह ज्या इमारतींत आहे, तिला वेर्नर या अध्यापकाचें नांव दिलें आहे. आंत पाऊल टाकतांच काचेच्या कपाटांच्या रांगा दिसतात. प्रथम नजर खिळते ती फ्रायबेर्गच्या चांदीवर. चांदी म्हटली कीं वाटी, तांब्या किंवा पैंजण डोळ्यांपुढें येतात. पण येथें ती कुरळ्या केसांच्या बटेसारखी, तारांच्या वळशांनीं दगडांतून वर आलेली दिसते. एखाद्या कुशल सोनारानें तारकशी करून ती दगडांत बसविली असावी असें वाटतें. प्रत्यक्षांत ती निसर्गानेंच काळोख्या शिरांत घडविली आहे. शेजारींच डाळिंबाच्या दाण्यासारखें लाल धातुक असतें. त्यांतहि चांदीच असते, पण ती गंधकाशीं व अँटिमनीशीं संयोग पावून आपलें रूप पार पालटून बसलेली असते.

या दगडांच्या तेजापुढें प्रेक्षकाचें लक्ष ज्या वस्तूकडे जात नाहीं, ती म्हणजे दगडाजवळची चिठ्ठी. तिच्यावर खनिजाचें नांव आणि तें सांपडलें तें ठिकाण लिहिलेलें असतें. संग्रहाचा खरा प्राण या चिठ्ठींत आहे. तो कसा, हें वेर्नरच्याच चरित्रावरून दिसून येईल.

आब्राहाम गोट्लोब वेर्नर हा १७७५ मध्यें येथें अध्यापक झाला आणि १८१७ मध्यें मृत्यु येईपर्यंत शिकवीत राहिला. खनिजें बाह्य लक्षणांवरून कशीं ओळखावींत, याविषयींचा त्याचा ग्रंथ १७७४ सालींच प्रसिद्ध झाला होता. रंग, चकाकी, जडपणा, स्पर्शाचा थंडपणा, खापरावर घासल्यास उमटणारी रेघ, या साध्या खुणांनीं दगडाची पारख करण्याची पद्धत त्यानें घालून दिली. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट व लेओपोल्ड फॉन बूख यांच्यासारखे पुढें जगप्रसिद्ध झालेले पुरुष त्याचे विद्यार्थी. शाळेंतील मुलें काठिण्याच्या दहा पायऱ्या शिकतात, त्या ठरविणारा फ्रीड्रिख मोस हाहि त्याचाच शिष्य, व त्याच्या पश्चात् त्याच्या जागीं आलेला.

असा हा थोर शिक्षक एका मोठ्या प्रश्नांत मात्र चुकला. बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, हा आदिसमुद्राच्या पाण्यांतून सांचून झाला आहे, असें तो शिकवीत असे. पुढें त्याच्या शिष्यांनीं ज्वालामुखी पर्वतांचे प्रदेश डोळ्यांनीं पाहिले आणि गुरूचें मत सोडून दिलें. बेसाल्ट हा पृथ्वीच्या पोटांतून आलेल्या तप्त शिलारसाचा होतो, हें आज निर्विवाद आहे. वेर्नरचा सिद्धांत गेला. त्यानें जमविलेले दगड मात्र राहिले. त्यांच्यावर जें लिहिलें होतें तें मत नव्हतें, ती नोंद होती. आणि खरी नोंद सिद्धांताबरोबर मरत नाहीं.

खरी नोंद कोठवर पोंचते, याचा पुरावा याच शहरांत दोनदां मिळाला. १८६३ मध्यें फर्डिनांड राइख येथील जस्ताच्या धातुकाची परीक्षा करीत होता. त्याला रंग ओळखतां येत नसत. म्हणून वर्णपटांत पाहण्याचें काम त्यानें आपला सहकारी तेओडोर रिख्टर याजकडे दिलें. रिख्टरला निळीसारखी एक अपरिचित रेघ दिसली. त्या निळीवरूनच नव्या मूलद्रव्याचें नांव इंडियम पडलें, आणि आज आपल्या हातांतील दूरध्वनीच्या पडद्यांत तें वापरलें जातें.

दुसरी गोष्ट याहून रम्य आहे. १८८५ मध्यें हिमेल्सफ्यूर्स्ट नांवाच्या खाणींत एक अनोळखी खनिज सांपडलें. अध्यापक वाइसबाख यानें त्याला आर्जिरोडाइट असें नांव दिलें व रासायनिक पृथक्करणासाठीं तें क्लेमेन्स विंक्लर याजकडे सोंपविलें. चांदी सुमारें पाऊणशें टक्के, गंधक सुमारें सतरा टक्के. परंतु सारी बेरीज करतां शंभर भरेनात, सुमारें सात टक्के कमी पडत. पुन्हां पुन्हां परीक्षा केली, तरी तूट तेवढीच. हिशेबाची चूक म्हणून एखाद्यानें वही मिटली असती. विंक्लरनें ती मिटली नाहीं. अखेर फेब्रुवारी १८८६ मध्यें त्या तुटीच्या जागीं एक नवें मूलद्रव्य हातीं आलें. त्याचें नांव जर्मेनियम. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलेएव्ह यानें १८७१ मध्येंच अशा मूलद्रव्याचें भाकीत करून त्याचा अणुभार ७२ सांगितला होता. आज तो ७२.६ मानतात. याच जर्मेनियमचा पहिला ट्रान्झिस्टर अमेरिकेंत १९४७ मध्यें तयार झाला, आणि घरोघरचे मोठे रेडिओ पुढें खिशांत मावूं लागले.

विद्यापीठाचा दुसरा संग्रह गांवांतील फ्रॉयडेनश्टाइन किल्ल्यांत आहे. एरिका पोल-श्ट्रोएर या बाईंनीं आयुष्यभर जमविलेलीं खनिजें त्यांनीं विद्यापीठाच्या हवालीं केलीं, आणि २००८ पासून त्यांतील सुमारें साडेतीन हजार नमुने तेथें खंडवार मांडलेले आहेत. आशिया खंडाच्या दालनांत मराठी प्रेक्षकाची पावलें आपोआप मंदावतात. फिकट गुलाबी स्टिल्बाइट आणि त्याच्या संगतीनें वाढणारें पारदर्शक अ‍ॅपोफिलाइट हे दख्खनच्या कातळाचे अलंकार होत. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं शिलारसाचे थर निवले, वायूच्या बुडबुड्यांनीं त्यांत पोकळ्या राहिल्या, आणि पुढें त्या पोकळ्यांत शिरलेल्या उष्ण पाण्यांतून हे स्फटिक वाढले. वेर्नरनें कातळाला दिलेलें पाण्याचें श्रेय कातळाचें नव्हतें. पण त्याच्या पोटांतील या अलंकारांना तें खरोखरच लागू पडतें.

हीं खनिजें आपल्याकडे नवीं नाहींत. बोरघाटांत रेल्वेचे बोगदे खोदतांना तीं निघालीं व परदेशच्या संग्रहालयांत गेलीं. आजहि पुणें, नाशिक, जळगांव या बाजूंच्या विहिरींत व खडी फोडण्याच्या खाणींत तीं निघतात. पुण्याजवळच्या वाघोलीचें निळेंशार कॅव्हान्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. पण सुरुंग लावणाऱ्याला खडी हवी असते, आणि गारगोटी म्हणून कितीक सुंदर स्फटिक यंत्रांत भरडले जातात. जे वांचतात ते विकले जातात, आणि चार हात फिरल्यावर गांवाचें नांव जाऊन नुसतें 'भारत' एवढेंच उरतें. असा दगड देखणा खरा, पण मुका. तो कोणत्या थरांतला, किती खोलीवरचा, त्याचे सोबती कोण, हें तो कोणालाहि सांगूं शकत नाहीं.

फ्रायबेर्गच्या खाणी आज बंद आहेत. तेथील दगड मात्र अजून बोलतात, कारण कोणीतरी वेळींच कागदाच्या कपट्यावर चार शब्द लिहून ठेवले. आपल्या विहिरी अजून खोदल्या जात आहेत. एखाद्या विहिरींतून चमकदार स्फटिक वर आला, तर गांवाचें नांव, खोली व तारीख लिहून तो कागद त्याबरोबर ठेवावा आणि जवळच्या महाविद्यालयांत दाखवावा. त्यांत खर्च नाहीं, पांडित्य नाहीं. परंतु पुढच्या पिढीच्या एखाद्या विंक्लरला जर त्यांत सात टक्के तूट आढळली, तर ती तूट कोठें जाऊन शोधावी हें त्याला त्या कागदावरूनच कळेल.