परळची कुपी आणि जंगलातला वनमजूर

केईएम आणि टाटा रुग्णालयाकडे निघालेल्या मुंबईकराला परळची हाफकिन संस्था नवी नाही. प्लेगच्या साथीत, १८९६ साली, वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात सुरू केलेलं काम १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आलं. पुढे सर्पदंशावरचं प्रतिविषही हाफकिनच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं हे औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार होतं. आजचा विषय मात्र औषधाचा नाही, वनखात्याच्या मजुराचा आहे.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रातल्या वणव्यांचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढायच्या, धूर दिसला की ब्लोअर नाहीतर हिरवी फांदी घेऊन धावायचं, पावसाळ्यात रोपं लावायची. सगळं काम पाचोळ्यात आणि गवतात. रोजंदारीवरच्या माणसाच्या पायात बहुधा चप्पल. दंश होतो तो बहुतेक वेळा पायालाच. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने दगावली, असा अंदाज आहे.

मग प्रतिविषाची कुपी वनरक्षकाच्या पिशवीतच का देऊ नये? सूचना चांगल्या मनाची, पण धोक्याची. कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात १० मिली निर्जंतुक पाणी घालून ती हलक्या हाताने फिरवत विरघळवायची; खळखळ हलवली की फेस धरतो. अशा आठ-दहा कुप्या सुरुवातीलाच शिरेतून द्याव्या लागतात. त्यात रिअॅक्शन येऊन रक्तदाब कोसळला तर अॅड्रिनॅलिन हाताशी हवं. हे डॉक्टरचंच काम.

वनरक्षकाच्या बीटवर लागतं ते वेगळंच : गमबूट, बॅटरी, पाय हलू नये म्हणून बांधायची फळी, चार्ज केलेला वायरलेस, डिझेल भरलेली जीप. आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात आज कुप्या शिल्लक आहेत, याची पक्की खबर. करकचून दोरी बांधणं आणि ब्लेडने चिरा देणं कायमचं बंद.

सिंधुदुर्गात तर पिशवीत आणखी भर पडते. २०१६मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. हा आजार १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो गोचिडींमधून पसरतो. माकड मेलं की गोचिडी त्याचं अंग सोडून नवं अंग शोधतात, आणि ते माकड जाळायला पुढे होतात वनखात्याचीच माणसं. त्यांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि गोचीड दूर ठेवणारं तेल हवंच, कारण या तापावर नेमकं औषध नाही.

खरी गोम पुढेच आहे. वनरक्षकाला सरकारी नोकर म्हणून वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. त्याच्या शेजारी उभा राहून तीच आग विझवणारा रोजंदारी मजूर त्या नियमात बसत नाही.

गिरगाव-दादरच्या ज्या मंडळांना जंगलात मदत धाडायची असेल, त्यांनी ब्लँकेटं खरेदी करण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून हंगामी मजुरांसकट यादी मागवावी, प्रत्येकाच्या बुटाच्या मापासह. माल १५ फेब्रुवारीच्या आत पोचला पाहिजे.