जेरी गार्सिया : मैफलीचा माणूस

अमेरिकेतील रॉक संगीताचा व्यवसाय ध्वनिमुद्रिकेच्या आधारे वाढला. गाणे तीन मिनिटांत बसवावयाचे आणि रंगमंचावर तेच पुन्हा वाजवावयाचे, हा त्यातला शिरस्ता. जेरी गार्सियाने तो कधी मानला नाही.

१९४२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या या मुलाच्या उजव्या हाताचे मधले बोट वयाच्या चौथ्या वर्षी भावाच्या कुऱ्हाडीखाली तुटले. १९४७ साली वादक वडील नदीत बुडाले. पंधराव्या वाढदिवशी आईने ॲकॉर्डियन दिला. मुलाने हट्टाने त्याच्या बदल्यात विजेची गिटार मिळविली.

१९६५ साली त्याने मित्रांसह जो वाद्यवृंद उभारला तोच पुढे ‘ग्रेटफुल डेड’ म्हणून ओळखला गेला. रॉबर्ट हंटर शब्द लिही, गार्सिया चाली बांधी. त्याचा आवाज काही भरदार नव्हे. पण गिटारीचा स्वर विचार करीत पुढे सरके. ‘डार्क स्टार’ हे गीत तबकडीवर तीन मिनिटांहून कमी, तर १९६९ च्या मैफलीतील ध्वनिमुद्रणात तेवीस मिनिटांचे! दोन ओळींच्या बंदिशीवर तासभर रमणाऱ्या ख्यालाच्या श्रोत्यांस याचे नवल वाटू नये. मुंबईत जन्मलेल्या झाकीर हुसेन यांच्या सहभागाने निघालेल्या १९७६ च्या ‘डिगा’ या तालप्रधान ध्वनिमुद्रिकेत गार्सियाची गिटार आहेच.

श्रोते मैफली ध्वनिफितींवर उतरवून घेत आणि पैशाविना एकमेकांस देत. १९८४ पासून वृंदाने त्यांच्यासाठी स्वतंत्र जागाच राखली. हिशेबनिसाने कपाळाला हात लावावा असा हा कारभार. पण त्यानेच श्रोतृवर्ग वाढविला.

१९८६ च्या जुलैत मधुमेहाने गार्सिया अनेक दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा बोटे वादन विसरली होती. जुना सहकारी मर्ल साँडर्स याने शेजारी बसून त्याला पुन्हा प्रारंभापासून गिरवावयास लावले. डिसेंबरात तो रंगमंचावर परतला, आणि १९८७ साली ‘टच ऑफ ग्रे’ हे गीत अमेरिकेतील पहिल्या दहांत पोचले. दोन दशकांत न लाभलेले हे यश लाभले, ते मात्र मानवले नाही. क्रीडांगणे भरू लागली, गर्दी आवरेना, आणि हेरॉइनचे जुने व्यसन सुटेना. ९ ऑगस्ट १९९५ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, व्यसनमुक्ती केंद्रातच हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

एप्रिल १९९६ मध्ये पत्नीने व सहकारी बॉब वीअर याने त्याच्या रक्षेचा काही भाग हृषीकेशला गंगेत सोडला. उरलेली रक्षा सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात विसर्जित झाली.