तिला कोणी विचारले का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेचे काही सांगणार नाही. दोन गोष्टी सांगते. जीव देण्याचा विषय घरोघरी दबल्या आवाजात निघतो, तो आज मोकळेपणी बोलू या.

पहिली गोष्ट आफ्रिकेतली. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ साली निघाली. माझ्या मुलीने ती मला मराठीतून सांगितली. इग्बो लोकांच्या गावात ओकोंक्वो नावाचा मानी पुरुष असतो. गोऱ्यांचे राज्य येते, गाव त्याच्यामागे उभे राहत नाही, आणि तो आपला जीव देतो. त्या लोकांत हा धरणीमातेचा अपराध. म्हणून गावचा कोणी प्रेताला हात लावीत नाही. पुरायला परके बोलवावे लागतात. जिवलग मित्राचा गळा दाटून येतो, पण हात पुढे होत नाही.

दुसरी गोष्ट आपली, पिठोरीची कहाणी. दर श्रावणी अमावास्येला सुनेचे मूल जन्मते नि दगावते. शेवटी सासरा मेलेले मूल ओटीत घालून तिला हाकलतो. ती रानात जाते ती मरायलाच. तिथे भेटते झोटिंगाची बायको. भुताची बायको ती, पण तीच सुनेची चौकशी करते, सगळे ऐकून घेते, पुढची वाट दाखवते. मग सुनेला सातही मुले जिवंत मिळतात.

मुले परत मिळणे कहाणीतच घडते. ऐकून घेणे मात्र आपल्या हातचे आहे. मागाहून विटाळ मानून ओकोंक्वो वाचला नाही. वेळेवर विचारल्याने सून वाचली.

पूर्वी आपल्याकडे जीव देऊ पाहणाऱ्यावर खटला होई. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो माणूस भारी ताणाखाली आहे असे धरले, आणि त्याला उपचार देणे हे सरकारचे काम ठरविले. कायदा बदलला, आता आपली जीभ बदलायला हवी.

एखादी शेजारीण हळदीकुंकवाला येईनाशी झाली, 'मी नसले तरी चालेल' असे बोलू लागली, तर 'सोंग करते' म्हणू नका. जवळ बसा, स्पष्ट विचारा. विचारल्याने कोणी त्या वाटेला लागत नाही. उलट मन हलके होते. तिला एकटी सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या १४४१६ या फोनवर रात्रंदिवस फुकट बोलता येते, मराठीतूनही.

आपल्यापैकी कोणाच्या मनात असे येत असेल, तर बाई, तूही सांग. आम्ही ऐकू.