छत्तीस तासांचा हिशेब

आज मला एका वाक्याशी भांडायचे आहे. 'भारतीय सैन्याने छत्तीस तासांत गोवा मुक्त केला' हे ते वाक्य. त्या मोहिमेत धारातीर्थी पडलेल्या जवानांपुढे मी नतमस्तक आहे. पण १८ आणि १९ डिसेंबर १९६१ हे दोन दिवस म्हणजेच गोव्याचा मुक्तिलढा, हा त्यातून निघणारा अर्थ मी साफ नाकारतो. या वाक्यात गोव्याचा माणूसच नाही. जणू तो दारात उभा राहून कुणीतरी कुलूप उघडण्याची वाट पाहत होता.

आक्षेप ठाऊक आहे: लढणारे मूठभर होते, बाकीचे सुशेगाद, म्हणजे निवांत, होते. मग ही शांतता राखायला काय काय लागत होते तेही पाहू. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातला छापील मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून जाई. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. सभेला परवानगी नाही, पक्षाला मुभा नाही. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावला बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली, तरी लोक भर पावसात जमले होते. त्याच वर्षी गोव्याचे राष्ट्रवादी नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला पाठवले. १७ फेब्रुवारी १९५४ ला एका मेजवानीत वक्ता गोवा म्हणजे पोर्तुगालच असे बोलला, तेव्हा डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी जेवणाच्या टेबलावरून एवढेच म्हटले की माझा निषेध आहे. त्या शब्दासाठी त्यांना अटक झाली आणि लिस्बनला नेले गेले. जिथे एका शब्दाची किंमत हद्दपारी असते, तिथे गप्प बसलेल्यांची संख्या मोजून संमती ठरवणे हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य वेशात येतो: गोवा वसाहत नव्हतीच, तिथले लोक पोर्तुगालचे समान नागरिक होते. १९३० च्या वसाहत कायद्यात वसाहत हाच शब्द होता. भारत स्वतंत्र झाल्यावर, १९५१ मध्ये, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने तो खोडून 'सागरपार प्रांत' असे लिहिले. पाटी बदलली, तुरुंग तोच राहिला. १५ ऑगस्ट १९५५ ला सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मारली, ती याच 'प्रांता'च्या बंदुकांनी. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने गोव्याला स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातले, तेव्हा तो युक्तिवाद जगासमोर उघडा पडला होता. सैन्य आले ते त्यानंतर वर्षभराने. आणि त्याआधी सहा वर्षे, नोव्हेंबर १९५५ पासून, लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई सरहद्दीवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवत होते, गोंयकारांशी त्यांच्या कोकणीत बोलत होते.

म्हणून येथे जमलेल्या लेखकांना आणि संपादकांना माझे सांगणे आहे: पुढच्या डिसेंबरात लिहाल तेव्हा छत्तीस तासांबरोबर मोहन रानडेंचे तासही मोजा. सांगलीहून गोव्यात शिकवायला गेलेले हे मराठी मास्तर आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेत गेले आणि १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये.