घरचा संगणक आणि धोक्याची खोटी सूचना



खेड्यातील प्राथमिक शिक्षक हा केवळ चार भिंतींतील शिक्षक कधीच नव्हता. मनिऑर्डरीचा फॉर्म भरणे, तगाईचा अर्ज लिहिणे, तारेचा मजकूर वाचून दाखवणे ही कामे गावाने पिढ्यान् पिढ्या गुरुजींकडेच सोपविली. आज तार गेली आहे आणि बऱ्याच घरांत संगणक आला आहे. त्याच्या पडद्यावर काही भयानक अक्षरे उमटली, की गावकरी विचारावयास येतो तो शाळेकडेच. म्हणून या यंत्रात शिरणारे अपाय कोणते, खरी सूचना कोणती आणि फसवी कोणती, याचे निश्चित ज्ञान शिक्षकाजवळ असणे अगत्याचे झाले आहे. शिवाय विद्यार्थ्यांच्या नोंदी, गुणपत्रके आणि शिष्यवृत्तीच्या याद्या अनेक शिक्षक घरच्याच संगणकावर तयार करतात. तो संगणक बिघडला तर नुकसान एकट्या शिक्षकाचे होत नाही, वर्गातील प्रत्येक मुलाचे होते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. संगणक स्वतःच्या बुद्धीने काही करीत नाही. त्याला दिलेल्या आज्ञांच्या मालिकेप्रमाणे तो चालतो. अशा मालिकेला आज्ञावली म्हणतात. मालकाच्या नकळत शिरून त्याचे अहित करणारी आज्ञावली ती मालवेअर. तिचे प्रकार अनेक आहेत. एका फाइलीतून दुसरीत पसरणारा तो व्हायरस. उपयुक्त वस्तूचे सोंग घेऊन आत येणारा तो ट्रोजन. दाबलेली अक्षरे गुपचूप टिपून पासवर्ड पळविणारी हेर आज्ञावली हा तिसरा प्रकार. फाइली कुलूपबंद करून त्यांच्या सुटकेसाठी पैसे मागणारी खंडणीखोर आज्ञावली, म्हणजे रॅन्समवेअर, हा चौथा.

हे संकट दूरदेशीचे आहे असे कोणी समजू नये. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील कळंबोली पुष्कळांच्या परिचयाची आहे. सिडकोने वसविलेली ही वसाहत, तिच्या शेजारचा लोखंड-पोलादाचा बाजार आणि पुण्याकडे निघणारा द्रुतगती मार्ग यांमुळे तेथे मालमोटारींची वर्दळ अहोरात्र असते. याच परिसरातून उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदराकडे कंटेनर जातात. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाची घातक आज्ञावली जगभर पसरली. युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीची सुधारित आवृत्ती म्हणून ती प्रथम संगणकांत शिरली, आणि तेथून डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात पोहोचली. त्याच समूहाकडे न्हावा-शेवा येथील एका टर्मिनलचा कारभार होता. पाहता पाहता तेथील संगणकीय कामकाज थंडावले. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे आणि कोणत्या गाडीवर चढवावयाचा आहे हे सांगणारे यंत्रच मुके झाले, तेव्हा क्रेन धडधाकट असून काय उपयोग?

या घटनेतील एक बारकावा विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. ‘नॉटपेट्या’ने संगणक बंद पाडून पुन्हा सुरू केला की पडद्यावर एक सूचना येई. डिस्कची तपासणी व दुरुस्ती चालू आहे, मध्येच यंत्र बंद केल्यास सारी माहिती नष्ट होईल, अशा आशयाची ती सूचना होती. प्रत्यक्षात दुरुस्ती मुळीच चालली नव्हती. त्याच वेळी फाइलींची अनुक्रमणिका निरुपयोगी करण्याचे काम चालू होते. त्या क्षणी वीज तोडली असती तर पुष्कळ काही वाचण्याचा संभव होता. परंतु आज्ञाधारक माणसे सूचना पाळून स्वस्थ बसली. पुढे ३०० डॉलर किमतीच्या बिटकॉइनची मागणी पडद्यावर झळकली. तथापि चोरांशी संपर्क साधण्याची टपालपेटी ती पुरविणाऱ्या जर्मन कंपनीने बंद केल्यामुळे, पैसे भरणाऱ्यालाही कुलपाची किल्ली मिळण्याचा मार्ग उरला नाही. खोट्या सूचनेवर ठेवलेला विश्वास किती महाग पडतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आता मोठ्या बंदरावरून लहान घराकडे वळू. कळंबोलीच्या वसाहतीतील एक घर डोळ्यांपुढे आणावे. मुलगा लोखंड बाजारात कामाला गेला आहे, सून नोकरीवर आहे, आणि गावाकडून आलेले निवृत्त शिक्षक वडील संगणकावर निवृत्तिवेतनाची माहिती शोधीत आहेत. एका दुव्यावर बोट पडते आणि सारा पडदा लाल होतो. भोंगा वाजू लागतो. ‘आपल्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत, बँकेची माहिती चोरीला जात आहे, यंत्र बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर दूरध्वनी करा’ असा मजकूर येतो. वर नामांकित कंपनीचे चिन्ह असते. वडील घाबरतात. मुलाच्या यंत्राचे आपल्या हातून नुकसान झाले, ही लाज भीतीहूनही मोठी असते. ते दूरध्वनी करतात.

येथून पुढे काय घडते ते ठरलेले आहे. पलीकडील मनुष्य अत्यंत विनयाने बोलतो आणि यंत्र दुरून हाताळता येईल अशी एक आज्ञावली बसवावयास सांगतो. ती बसली, की घराची किल्लीच परक्याच्या हाती गेली. मग तो संगणकातील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून तेथील तांबडी चिन्हे दाखवितो आणि हे सर्व व्हायरस आहेत असे सांगतो. वास्तविक अगदी निरोगी संगणकातही अशा किरकोळ नोंदी शेकड्यांनी असतात. घड्याळाची टिकटिक ऐकवून हृदयविकार सांगावा तसा हा प्रकार होय. शेवटी दुरुस्तीचे शुल्क मागितले जाते, ते भरण्यासाठी बँकेचे खाते उघडावयास लावले जाते, आणि आयुष्यभराची पुंजी डोळ्यांदेखत निघून जाते. संगणकात मुळात एकही व्हायरस नव्हता. व्हायरसची भीती तेवढी खरी होती.

असा व्यवसाय करणाऱ्या टोळ्या आपल्या देशातही आहेत, आणि परदेशांतील वृद्धांनाही त्यांनी लुबाडले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत निरनिराळ्या राज्यांतील ७६ ठिकाणी छापे घातले. तांत्रिक मदतीच्या मिषाने परदेशी नागरिकांना फसविणाऱ्या केंद्रांचा त्यांत समावेश होता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६६-ड प्रमाणे, संगणकाच्या साह्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

खोटी सूचना ओळखावी कशी? तिच्या चार खुणा ध्यानात ठेवाव्यात. पहिली खूण दूरध्वनी क्रमांकाची. विंडोज बनविणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनीचा क्रमांक कधीही नसतो. दुसरी खूण घाईची. ‘पाच मिनिटांत’, ‘ताबडतोब’ असे शब्द, उलटे मोजणारे घड्याळ आणि भोंगा यांचा हेतू माणसाला विचार करू न देणे हाच असतो. तिसरी खूण जागेची. खरी तपासणी यंत्रातील संरक्षक आज्ञावली करते, आणि तिचा निष्कर्ष तिच्या स्वतःच्या खिडकीत दिसतो. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला संगणकातील व्हायरस मोजताच येत नाहीत; त्यावरील आकडे हे रंगविलेले चित्र असते. चौथी खूण पैशांची किंवा गुप्त माहितीची मागणी.

अशी सूचना आल्यास शांतपणे पुढीलप्रमाणे वागावे. दिलेला क्रमांक फिरवू नये आणि त्या पानावरील ‘बंद करा’ या बटणालाही हात लावू नये. कित्येकदा तेही सापळ्याचाच भाग असते. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरावी, म्हणजे पडदा व्यापून बसलेले पान बहुधा आकुंचित होते व ब्राउझर बंद करता येतो. तसे न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा, आणि यादीतून ब्राउझर निवडून त्याचे काम संपवावे. तोही मार्ग खुंटला तर यंत्राचे बटण दाबून धरून ते बंद करावे. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझरने मागील पाने उघडण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा.

नंतर विंडोजमधील ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून पूर्ण तपासणी करावी. संशय दृढ असल्यास तेथीलच ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडावे. यात विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेली आज्ञावलीही सापडण्याची शक्यता वाढते. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’तही अशा सफाईची साधने विनामूल्य मिळतात. सूचना पुन्हा पुन्हा कोपऱ्यात उगवत असतील, तर पूर्वी एखाद्या संकेतस्थळाला कळत-नकळत परवानगी दिली गेली असावी. ब्राउझरच्या सेटिंग्जमधील ‘नोटिफिकेशन्स’ या भागात जाऊन अनोळखी नावे काढून टाकावीत, आणि अपरिचित एक्स्टेन्शनेही काढावीत.

परक्याला यंत्राचा ताबा दिला गेला असेल, तर सर्वप्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी. पासवर्ड बदलावयाचे ते त्या यंत्रावरून नव्हे, दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून. पैसे गेले असल्यास तत्काळ १९३० या राष्ट्रीय साह्य क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतानाच ते अडविता येण्याचा संभव असतो. म्हणून येथे मात्र घाई हाच शहाणपणा होय. घरच्यांनी वडीलधाऱ्यांना दोष देऊ नये. बोलणी बसतील या भीतीने माणूस गप्प राहतो, आणि त्या मौनाचा फायदा चोरालाच मिळतो.

रोगापेक्षा प्रतिबंध बरा, हे आरोग्याच्या पाठात शिकविले जाते ते येथेही खरे आहे. ‘नॉटपेट्या’ने ज्या उणिवांचा लाभ घेतला त्यांतील एक प्रमुख उणीव बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच, म्हणजे तीन महिने आधी, उपलब्ध झाली होती. म्हणून संगणकाला वेळोवेळी मिळणाऱ्या सुधारणा टाळू नयेत. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी याचा विचार करणे आवश्यक आहे. फुकटचे फॉन्ट किंवा कुलूप तोडलेल्या आज्ञावली कोठूनही उतरवून घेऊ नयेत. एका शाळेतून दुसरीत फिरणारा पेन ड्राइव्ह प्रथम तपासावा आणि मगच उघडावा. त्यातील फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागले, तर तो आजारी आहे असे समजावे. संरक्षक आज्ञावली विकत घ्यावयाची झाल्यास माहितीच्या विक्रेत्याकडून घ्यावी, पडद्यावर उगवलेल्या जाहिरातीवरून नव्हे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करीत, आणि पुढे संगणकही दुरुस्त करू लागले. १९९० नंतरच्या वर्षांत त्यांचे बंधू संजय यांनी ग्राहकांच्या यंत्रांतील व्हायरस काढणारी आज्ञावली लिहिली, आणि त्यातूनच ‘क्विक हील’ हा उद्योग उभा राहिला. खरे औषध रोग्याच्या तपासणीतून सिद्ध होते, आरडाओरडीतून नव्हे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत. त्या २०१७ च्या संकटात मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. त्या जाळ्याची मूळ नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर नष्ट झाले होते. केवळ आफ्रिकेतील घाना देशात एक शाबूत सापडला, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी जाळ्यापासून तुटला होता. वीज जाण्याचा असा उपकार खेड्यातील शिक्षकास नवलाचा वाटेल. परंतु योगायोगावर विसंबण्याचे कारण नाही. दर शनिवारी शाळा सुटल्यावर महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. मूळ फाइलीला बाधा झाली की तिलाही होते.

पालकसभेत या विषयाला पंधरा मिनिटे द्यावीत. फळ्यावर एक खोटी सूचना लिहावी आणि तिच्यातील चार खुणा मुलांकडूनच काढून घ्याव्यात. खाली १९३० हा क्रमांक लिहावा व तो प्रत्येकाच्या वहीत उतरवून घ्यावा. ती वही संध्याकाळी घरी जाईल; गावाकडील आजोबांपर्यंत आणि कदाचित कळंबोलीतील काकांपर्यंतही पोहोचेल. साक्षरतेचा अर्थ पूर्वी अक्षर वाचता येणे एवढाच होता. आता कोणत्या अक्षरांवर विश्वास ठेवू नये हे कळणे, हाही त्या अर्थाचाच भाग झाला आहे, आणि ते शिकविण्यास गावात शिक्षकाहून अधिक योग्य मनुष्य दुसरा नाही.