नारायणाला गंधर्व करणारे हात
(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली. मी कोणी कीर्तनकार नव्हे की विद्वान नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कागद पुढे सरकविणारा माणूस. परंतु लहानपणी याच देवळापुढे बाजेवर बसून यात्रेतली नाटके पाहिली आणि नाट्यसंगीताचे वेड लागले. म्हणून आज नटसम्राट बालगंधर्वांच्या उमेदवारीच्या काळाविषयी थोडे सांगतो. देवळाशी त्याचा काय संबंध, ते शेवटी आपल्या ध्यानात येईल.

नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे नाव. जन्म २६ जून १८८८. राजहंस घराणे सांगली जिल्ह्यातील नागठाण्याचे, म्हणजे आपल्यासारख्याच एका खेड्यातले. मुलगा दहा वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकले आणि 'हा तर बालगंधर्व' अशा अर्थाचे उद्गार काढले, असे सांगतात. तेच नाव पुढे कायम झाले.

पण मंडळी, शाबासकीने नाव मिळते, गाणे मिळत नाही. गाण्याला गुरू लागतो, तालीम लागते आणि त्या काळात पोटाला अन्न लागते. नारायणाला जळगावास मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे मिळाले. पुढे कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांची नजर या मुलावर गेली. मुलाला कानाने नीट ऐकू येत नव्हते. ज्याने सुरात राहायचे, त्याचाच कान अधू! महाराजांनी नुसते कौतुक केले नाही. मिरजेला डॉक्टर वॉन्लेस यांच्याकडे त्याच्या उपचारांची सोय केली.

त्याच सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळीपुढे मोठा प्रश्न होता. स्त्रीभूमिका गाजविणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले होते. त्यांच्या जागी उभे राहील असा गळा आणि रूप मिळत नव्हते. १९०५ मध्ये नारायणराव या मंडळीत आले आणि मिरजेस अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' नाटकात शकुंतला होऊन रंगभूमीवर उभे राहिले. वय अवघे सतरा.

आपण म्हणू, गळा देवाने दिला, रूप देवाने दिले, मग राहिले काय? राहिले ते सारे माणसांनी दिले. पाऊल कसे टाकावे, पदर कसा सावरावा, शब्द कोठे थांबवावा, हे गोविंद बल्लाळ देवलांसारख्या नाटककाराने तालमीत बसवून घेतले. गाण्याची बैठक भास्करबुवा बखल्यांनी दिली. आज नाव एकट्या बालगंधर्वांचे निघते. सातबाऱ्यावर नाव एकाचे असते, पण विहीर खणताना घाम किती जणांचा गळाला, ते उताऱ्यावर लिहिलेले नसते.

ज्याला इतके मिळाले त्याने ते कसे फेडले, तेही ऐका. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा असे कोणालाही वाटले असते. परंतु लोक आले आहेत, मंडळीचा पसारा या नाटकावर उभा आहे, हे जाणून त्या बावीस वर्षांच्या बापाने दुःख पोटात घातले आणि भामिनीची भूमिका केली. पुढे १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिथून पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

आता देवळाचा संबंध सांगतो आणि एक कबुलीही देतो. आपल्या गावात पूर्वी एक मुलगा होता. एकादशीच्या भजनात तो अभंग म्हणू लागला की म्हाताऱ्या बायका हातातली वात तशीच धरून ऐकत बसत. आम्ही सर्वांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण तालुक्याला जाऊन पेटी आणि गाणे शिकायला त्याला एसटीचे भाडे हवे होते, ते कोणी दिले नाही. न देणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा पगार थोडा होता खरा, पण भाड्याइतका होता. आज तो मुलगा परगावी हमाली करतो. तो गंधर्व झाला असता की नाही, देव जाणे. पण न होण्यात आपला वाटा आहे, एवढे मी जाणतो.

आपण देणगीदारांनी हा सुंदर सभामंडप उभा केला. दगडावर आपली नावे कोरली गेली, ते योग्यच झाले. पण सभामंडप रिकामा राहिला तर त्यात पारव्यांखेरीज कोणी राहणार नाही. म्हणून समितीला हात जोडून विनंती करतो. शिल्लक निधीतून एक चांगली पेटी, एक पखवाज आणि आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येणाऱ्या गुरुजींचे मानधन एवढी तरतूद व्हावी. गावातील कोणत्याही घरचा मुलगा असो वा मुलगी, त्याला इथे विनामूल्य शिकता यावे. पहिल्या वर्षीचे गुरुजींचे येण्याजाण्याचे भाडे मी माझ्या पगारातून देईन. हे दान म्हणून नव्हे, जुनी बाकी म्हणून.

कळस चढला. आता त्याच्याखाली सूर उमटू द्या. ग्रामदैवताच्या चरणी एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.