ट्रॅक्टरची काँक्रीट वाट टिकवायची कशी?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



पावसाळ्यात चिखल तुडवून कंटाळलो की आपण रस्त्यापासून वस्तीपर्यंत काँक्रीटची वाट करून घेतो. पण पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच वर्षी तिला भेगा पडतात, वरचा थर पिठासारखा निघतो. दोष सिमेंटला दिला जातो. बहुधा चूक असते पाण्याची : कालवताना जास्त आणि नंतर कमी.

प्रथम पाया पाहू. काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून काळी माती शक्य तितकी काढून मुरूम भरावा. सहा-सहा इंचांचे थर द्यावेत व प्रत्येक थर पाणी मारून रोलरने किंवा धुम्मसाने दाबावा. भरलेली ट्रॉली जाणार असल्यास काँक्रीट सहा इंच जाड हवे. पाणी निघून जाण्यासाठी उतार द्यावा.

सिमेंट, वाळू व खडी यांचे प्रमाण १ : १॥ : ३ ठेवावे. ५० किलोच्या गोणीला सुमारे २५ लिटर पाणी पुरते. वाळू ओली असल्यास त्याहून कमी. माल सहज पसरावा म्हणून जादा पाणी ओतले जाते, तेथे उभे राहून अडवावे. हे पाणी उडून गेले की आत बारीक छिद्रे राहतात व काँक्रीट कमजोर होते. वर पाणी आले तरी कोरडे सिमेंट भुरभुरू नये. पाणी निघून गेल्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात, म्हणजे पाय घसरत नाही. दर १० ते १२ फुटांवर दीड इंच खोल सांधा ठेवावा. भेग पडलीच तर ती तेथे पडेल.

आता मुख्य गोष्ट. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून चिखलाचे छोटे बांध घालून वाफे करावेत आणि त्यांत पाणी साठवावे. सध्या सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४ दिवस पाणी द्यावे. विहिरीला तेवढे पाणी नसेल तर काम पुढे ढकलावे.

ऊसतोड तोंडावर आली म्हणून घाई करू नका. भरलेली ट्रॉली २८ दिवसांनंतरच न्यावी. पिकाची पाण्याची पाळी आपण चुकवत नाही, तशीच ही पाळीही चुकवू नका.